कमानीवरची टिकली

आमच्या प्रभागात आधी काय बांधायचं हे यंदा आम्हीच ठरवायचं, अशी नोटीस समाजमंदिराच्या भिंतीवर लागली तेव्हा मला वाटलं, चुकून दुसऱ्या गावाची नोटीस आमच्याकडे चिकटवली. आजवर आमच्या गल्लीला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. नळाची वेळ बदलली तेव्हा विचारलं नाही. रस्ता उकरला तेव्हा विचारलं नाही, आणि तो तसाच उकरून ठेवला तेव्हा तर नाहीच नाही. आणि आता एकदम ‘नागरिकांच्या पसंतीनुसार विकासकामांचा प्राधान्यक्रम’. रविवारी सकाळी या, पाच कामांतलं एक निवडा, ज्याला पसंती जास्त ते काम पहिलं.

आमचे हे वकील आहेत. त्यांनी चष्मा चढवून नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाले, “यात कुठेही बंधनकारक असा शब्द नाही.” यांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली तरी हे आधी तोच शब्द शोधतील.

मी मात्र त्या पाच कामांतलं तिसरं वाचलं आणि तिथेच थांबले. ‘नाल्यावर पादचारी पूल बांधणे.’

आमच्या कॉलनीच्या मागून नाला जातो. नाल्याच्या अलीकडे, राजापेठेच्या अंगाला आमचं घर आणि पलीकडे आईचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. परतवाड्याकडचं वावर त्यांनी बटाईनं दिलं आणि लेक जवळ राहते म्हणून इथे दोन खोल्या बांधल्या. ते गेल्यापासून आई त्या दोन खोल्यांत एकटी असते. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणते, “लेकीच्या घरी माणूस पाव्हणा असते. पाव्हण्याले दुपारी पाय पसरून झोपता येते का?” तिच्या अंगणात वाळणारं लुगडं मला आमच्या गच्चीवरून दिसतं. मध्ये एक छोटासा सिमेंटचा पूल होता. मागच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि पूल एका बाजूनं खचून नाल्यात जाऊन बसला. महानगरपालिकेनं ताबडतोब दखल घेतली, म्हणजे दोन्ही टोकांना बांबू बांधले आणि ‘धोका’ अशी पाटी लावली.

पूल होता तेव्हा मी सकाळी गॅसवर दूध ठेवून निघायची, आईच्या दारात डबा ठेवायची आणि दूध उतू जायच्या आत घरात असायची. मग शाळा. मी भूगोल शिकवते, संध्याकाळी घरी शिकवणी घेते, आणि मधल्या वेळात मला श्वास घ्यायचा असतो. पूल पडल्यावर सगळंच फिसकटलं. आता शाळा सुटल्यावर चौकात जा, शेअर ऑटो पकडा, अख्ख्या नाल्याला वळसा घाला. जाताना ऑटो लगेच मिळतो. परतीचा ऑटो मात्र भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या बाजूला दुपारी माणसं गोळा होता होता तास उलटतो. तोवर आईच्या ओट्यावर बसून राहायचं. वह्या तपासायच्या राहतात, भाजी चिरायची राहते, आणि माझा पारा आधीच अकोल्याच्या वर असतो. पण खरी भीती वेगळीच होती. ऐंशीची बाई. तिला अचानक काही झालं तर मी गच्चीवर उभी राहून तिच्या घराकडे नुसती पाहत बसू का, हा विचार मला रात्रीचं झोपू देत नव्हता.

म्हणून मी ठरवलं, पूल पहिला आणायचाच. बाकीच्या चार कामांत एक चौथ्या गल्लीचा रस्ता होता, मैदानात व्यायामाची यंत्रं होती, समाजमंदिराला वरचा मजला होता. या तिघांवर माझा राग नव्हता. राग होता तो पाचव्यावर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्वागत कमान! स्वागत कुणाचं आणि कशात? खड्ड्यात? दोन खांब आणि वर एक धनुष्य उभं करायला जेवढं सिमेंट लागेल तेवढ्यात माझ्या आईपर्यंत रस्ता होतो, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले.

आठवडाभर मी घरोघर फिरले. शिक्षिकेला एक फायदा असतो, अर्ध्या गल्लीची पोरं तिच्या हाताखालून गेलेली असतात. ज्या घरी गेले तिथे चहा झाला आणि ज्या घरी चहा झाला तिथे होकार मिळाला. आमच्या वऱ्हाडात दारात आलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. तो आपला धर्मच नाही. नाही म्हणायचं असेल तर आपण ‘हो हो, पाहू न’ म्हणतो आणि वर पोहे खाऊ घालतो. हे मला जन्मापासून ठाऊक आहे, तरी मी ते होकार मनात मोजत गेले.

शेजारच्या वहिनींनी तर माझा हात हातात घेतला. “मॅडम, तुमच्या आई त्या आमच्या आई. पूल म्हणजे पूलच. कमान काय चाटाची हाय?” मी भारावून त्यांच्याकडे दोन वाट्या लोणचं पाठवलं.

रविवारी समाजमंदिर गच्च भरलं. महानगरपालिकेकडून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्या रोज अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला येतात आणि तिथून ऑफिसला. त्यांनी भिंतीवर मोठा फ्लेक्स टांगला, त्यावर पाच रकाने, प्रत्येक रकान्यात एका कामाचं चित्र. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. गरज किती, सुरक्षेचा प्रश्न आहे का, किती लोकांना उपयोग, खर्च झेपतो का, याचे गुण ऑफिस देणार. पण आमच्या पसंतीचं वजन त्याच्याइतकंच. आणि इथे फक्त भांडवली कामं, म्हणजे जी एकदा केली की वर्षानुवर्षं टिकतात.

“टिकतात?” मागून एक काका म्हणाले, आणि सभा पाच मिनिटं हसत होती.

बाईंनी हसू ओसरू दिलं. प्रत्येकानं आपल्या आवडीच्या कामाच्या रकान्यात एक गोल स्टिकर लावायचा, नाव नाही, गाव नाही, गुप्त मतदान, असं सांगून त्यांनी स्टिकर काढायला पिशवीत हात घातला. मग दुसऱ्या पिशवीत घातला. मग त्यांचा चेहरा पडला. स्टिकरचं पाकीट अकोल्याला घरीच, टेबलावर राहिलं होतं.

सभा पुढच्या रविवारी घेऊ, असं त्या म्हणायला लागल्या. पुढच्या रविवारी! त्या रविवारी दोन लग्नं आणि एक बारसं होतं, माझे निम्मे होकार जेवायला गेले असते. मी उभी राहिले आणि म्हणाले, “स्टिकर नाही तर नाही. टिकल्या आहेत ना!”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बायकांनी पर्स उघडल्या. आमच्याकडे बाई घराबाहेर पडली की पर्समध्ये किल्ली नसेल, पण टिकल्यांचं पाकीट असतं. पुरुषांचा प्रश्न आला. कुणी बायकोकडून घेतली, कुणी वहिनीकडून. एक काका टिकली तळहातावर धरून अंगारा धरल्यासारखे उभे होते. एकजण म्हणाला, “मी टिकली लावून राहिलो, कोणी फोटो काढू नका बे.” आमच्या ह्यांना मी माझ्या पाकिटातली एक दिली. माझी टिकली चॉकलेटी, मधोमध सोनेरी ठिपका. राजापेठेतल्या एकाच दुकानात मिळते आणि मी सोडून ती कुणी घेत नाही, असं तो दुकानदार मला तोंडावर सांगतो.

तेवढ्यात दारात आई दिसली. एकटी ऑटो करून आली होती. मी धावत गेले, तिला पंख्याखाली बसवलं आणि माझं पाकीट पुढे केलं. तिनं हात मागे घेतला.

“मले कायले टिकली? तुह्या बापाच्या मागं म्या हातात तरी घेतली का?”

मला हे तिचं कधीच पटलेलं नाही, आणि ते पटत नाही हे मी तिला दर सणाला मोठ्यानं सांगत आले आहे. पण तिथे सगळ्यांसमोर मी पाकीट नुसतं पुढे धरून राहिले. इंजिनिअर बाई खाली वाकून आईला म्हणाल्या, “आजी, ही कपाळाची नाही. हे तुमचं मत आहे.”

आई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्या पाकिटातली एक टिकली नखानं सोडवली, बोटाच्या टोकावर घेतली, आणि पदर सावरत फ्लेक्सच्या दिशेनं निघाली. माझे डोळे भरून आले. माझ्या पुलासाठी माझ्या आईनं इतक्या वर्षांनी टिकली हातात धरली होती. मी डोळे पुसत असतानाच शेजारच्या वहिनी मला पाणी द्यायला आल्या, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही.

दिसलं ते सगळ्यांची मतं झाल्यावर. मी फ्लेक्ससमोर गेले आणि माझ्या लक्षात आलं की यातलं काहीही गुप्त नाही. गल्लीत कोण कोणती टिकली लावतं हे आम्हा बायकांना आपापल्या नवऱ्याच्या चपलेइतकं ओळखू येतं. हिरवी लांबट ती पिठाच्या गिरणीवाल्यांची सून. खड्यांची ती ब्यूटी पार्लरवाली. आणि ती रुपयाएवढी मरून टिकली अख्ख्या प्रभागात एकाच कपाळावर असते, आणि ती कमानीच्या रकान्यात बरोबर मधोमध बसली होती.

“वहिनी,” मी म्हणाले, “ही तुमची ना?”

“कोणती?” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

मग सभा सभा राहिली नाही. जी ती फ्लेक्सपुढे येऊन दुसरीचं मत वाचायला लागली. “तू तं रस्ता म्हणत होती!” “तुमी आमच्या घरचे पोहे खाल्ले आन् यंत्राले टिकली लावली?” “ते माही नाई, माह्या जावेची हाय!” वहिनींना शेवटी रडू फुटलं. मुलाचं लग्न जुळत नव्हतं. मुलीकडचे दोनदा आले आणि दोन्ही वेळा गल्ली चुकून तसेच परत गेले. “कमान असली तं सांगता येते न मॅडम, कमानीतून आत या म्हणून,” त्या म्हणाल्या. मला त्यांची दयाही आली आणि माझं लोणचंही आठवलं.

आणि तेव्हाच मला दुसरं काही दिसलं. पुलाच्या रकान्यात चॉकलेटी टिकल्या दोन होत्या. माझी, ह्यांची आणि आईची मिळून तीन हव्या होत्या. तिसरी कमानीत होती, वहिनींच्या मरून टिकलीला अगदी खेटून.

मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे त्या क्षणी छताकडे पाहत होते. चोराच्या मनात चांदणं! इतकी वर्षं संसार केला, आणि या माणसानं बायकोचीच टिकली घेऊन बायकोच्याच विरुद्ध मत दिलं.

“अहो!” मी म्हणाले.

“मी पूलच लावला,” हे म्हणाले. “शपथेवर सांगतो.”

शपथेवर रोज काय काय सांगितलं जातं ते यांच्याकडूनच ऐकत आले आहे मी.

तेवढ्यात, गर्दीनं उकडतं म्हणून कुणीतरी पंखा पाचावर केला. टिकलीचा गोंद कपाळासाठी असतो, फ्लेक्ससाठी नसतो. एक सुटली, दोन सुटल्या, आणि मग आमच्या प्रभागाचा प्राधान्यक्रम भराभर उडून जमिनीवर पसरला. बायका खाली बसून आपापल्या टिकल्या वेचायला लागल्या, आणि प्रत्येक बाई आपली टिकली आपण आधी लावली होती त्यापेक्षा वेगळ्याच रकान्यातली असल्याचं सांगायला लागली. इंजिनिअर बाईंनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, आता हात वर करून मत घेऊ.

हात वर करून घेतलेल्या मतात वऱ्हाडी माणूस हमखास हरतो, कारण समोर ज्याच्या घरी चहा घेतला तो बसलेला असतो. शिवाय मी सगळ्यांकडे तोंड करून उभी होते, आणि मी वर्गात उभी राहते तशीच उभी होते. पूल म्हणताच हातांचं रान उठलं. वहिनींचाही हात वर, डोळे पुसत. आईचाही हात वर होता, कोपरापर्यंतच, पण वर. कमानीला एकही मत पडलं नाही. पूल पहिला आला, रस्ता दुसरा.

हे सोमवारी कोर्टात गेले तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर रुपयाएवढी मरून टिकली चिकटलेली होती, आणि ती त्यांना जज्जसाहेबांनीच दाखवली. मी म्हटलं, बरं झालं. आठवडाभर मी यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. भाजीत मीठ जास्त झालं तर म्हणायची, कमानीत जाऊन जेवा. हे एका शब्दानं उलटून बोलले नाहीत. वकील माणूस गप्प बसला की समजावं, त्याच्याकडे पुरावा नाही किंवा आहे तो दुसऱ्याच कुणाच्या तरी विरुद्ध आहे. पण मला तेव्हा काही समजून घ्यायचंच नव्हतं.

मग एक दिवस ऑफिसची माणसं फीत घेऊन नाल्याची मापं घ्यायला आली. ऑफिसच्या गुणांतही पूलच पुढे होता, काम मंजूर झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी शाळेतून तशीच निघाले, पेढे घेतले, आणि शिकवणीची मुलं यायच्या आत परतता यावं म्हणून शेअर ऑटो सोडून एक अख्खा ऑटो ठरवला. त्याला आईच्या दारात थांबायला सांगितलं.

“आई, झालं! पूल मंजूर!” मी उंबऱ्यातूनच म्हणाले. “आता रोज सकाळी गरम डबा. पहिल्यासारखी येईन अन् जाईन.”

आईनं पेढा घेतला, देवासमोर ठेवला आणि ओट्यावर येऊन बसली. तिच्या शेजारी माझ्यासाठी सतरंजीची घडी नेहमीसारखी ठेवलेली होती.

“जवाईबापूले बोलून राहिली म्हणे तू,” ती म्हणाली. “नको बोलू. थे टिकली माही होती.”

मला आधी कळेचना. मग कळलं आणि माझं डोकंच फिरलं. “तुझी? कमानीत? आई, मी आठवडाभर दारोदार हिंडले ते कुणासाठी? तुला त्या कमानीची काय पडली होती?”

“मले कायची कमान? पूल सोडून काई बी चाललं असतं. थे जवळ होतं, लावून देल्ली. जवाईबापूनं पायलं, पन बिचारे काई बोलले नाई.”

“पण का?”

आईनं गुडघ्यावरचा पदर नीट केला. “पूल होता तवा तू दारात डबा ठेवे अन् जाये. चपला बी नाई काढे. तुह्या तोंडाकडं पाहाले फुरसत भेटे नाई मले. आता ऑटो भरेपावतो बसते तरी. शाळेतलं सांगते, कोनाशी भांडली थे सांगते. पूल झाला का थे गेलं.”

रात्री जे मला झोपू देत नव्हतं ते सांगितलं. तुला काही झालं तर मी कशी येणार, म्हणाले. मग मी चिडलेच. “मला सांगायचं ना आई. बस म्हणायचं. मी बसले नसते का?”

“सांगून बसवलेलं बसनं काय कामाचं वं बाई?”

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. मग थांबून पुन्हा वाजवला.

“जाय,” आई म्हणाली. “थो वाजवून राहिला. पोरं येतीन तुही.”

मी बाहेर गेले, ऑटोवाल्याला पैसे दिले आणि त्याला जायला सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, आता अठी दुसरा ऑटो लवकर नाई भेटत.” मी म्हटलं, माहीत आहे. मग मी आत आले आणि दाराशी चपला काढल्या.